साहेबाचं रान

वणीहून चंद्रपूरकडे जाणारा रस्ता सोडून नदीच्या अंगाला वळलं, की आधी कोळशाचे ढीग लागतात, मग कपाशीची वावरं, आणि मग काळी माती एकाएकी संपते. पुढं सगळी रेती. वर्धा नदीनं पिढ्यानपिढ्या पुरात आणून टाकलेली, वाऱ्यानं इकडची तिकडं केलेली, आणि वर आखूड, राठ गवत धरलेली. उंचवटे, खळगे, पुन्हा उंचवटे. झाड औषधालाही नाही. या जागेला जवळच्या चिंचघाट गावची माणसं साहेबाचं रान म्हणतात.

साहेब कोण, हे नीट कुणालाच सांगता येत नाही. ऐकीव गोष्ट अशी, की इंग्रजांच्या वेळी एका कोळसा कंपनीचा मॅनेजर इथं होता, समुद्राकाठच्या गावचा. त्याला इकडं काही केल्या गमेना. ऊन सोसेना, जेवण पचेना. एकदा घोड्यावरून नदीकाठी आला, ही रेती पाहिली आणि खाली उतरून तसाच उभा राहिला. सोबतच्या मुनशीला म्हणाला, हे तर माझं गावच आहे, फक्त समुद्र कुणीतरी उचलून नेलाय. मग त्यानं रानात नऊ होल म्हणून नऊ ठिकाणी पत्र्याचे डबे पुरले, त्यांत झेंड्याच्या काठ्या रोवल्या आणि गोल्फ खेळायला लागला. साहेब गेला, कंपनी गेली, खाणी सरकारी झाल्या. नऊ डबे राहिले. पत्र्याच्या छपराचा लहानसा क्लब राहिला. खाणीतले काही अधिकारी, वणीतले दोनचार वकील-डॉक्टर आणि हौशी माणसं रविवारी तिथं खेळत राहिली.

श्रावण पाझारेनं हे रान उभ्या नोकरीत फक्त डंपरच्या काचेतून पाहिलं होतं. खाणीच्या बांधावरून जाताना डाव्या हाताला खाली ते दिसायचं. हातात काठ्या घेतलेली माणसं, त्यांच्या मागं मेंढरं. त्याला कधी तिथं जावंसं वाटलं नाही. आपलं काय काम तिथं, इतकंच त्याच्या मनात यायचं आणि डंपर पुढं जायचा.

मग त्याचे डोळे गेले. एका दिवसात नाही गेले. काचबिंदू होता, दुखत-खुपत काही नव्हतं, त्यामुळं कळलंच नाही. खाणीतल्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी त्याला बाजूला बसवून घेतलं, तेव्हा उजवा डोळा जवळपास संपला होता आणि डावा कडेकडेनं मिटत चालला होता. पाइपातून पाहावं तसं त्याला दिसायचं. नागपूरला दोन वेळा ऑपरेशन झालं. डॉक्टर भले होते, त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. दोनेक वर्षांत तो पाइपही बुजला.

नोकरी सुटली, क्वार्टर सुटलं. वणीतल्या स्वतःच्या घरी तो आला आणि बाजेवर बसला. बायको नलू अंगणवाडी सेविका. सकाळी ती त्याला चहा देऊन जायची आणि दुपारी आली की तो त्याच बाजेवर, त्याच बाजूला बसलेला असायचा. सुरुवातीला तो रविवारी विहारात जायचा. पण तिथं लोक त्याचा हात धरायचे आणि मोठ्यानं बोलायचे, जणू त्याला ऐकूही येत नाही. त्यानं जाणं बंद केलं. मुलगी सुरभी नागपुरात होती. तिचा फोन आला की तो म्हणायचा, "मजेत आहे बेटा," आणि फोन नलूकडं द्यायचा.

मोहिउद्दीन त्याचा जुना मित्र. खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता, नंतर वणीतच स्वतःचं गॅरेज टाकलं. एक दिवस तो आला, बाजेवर टेकला नाही, उभ्यानंच म्हणाला, "चल. साहेबाच्या रानात ऑइल टाकायले जायचं हाय."

"मी काय करू तठी?"

"काही नको करू. गाडीत बस. मले बोलायले माणूस पायजे."

"मले गमत नाही मोहिउद्दीन."

"इथं गमते का?" मोहिउद्दीननं विचारलं. श्रावण उठला.

ऑइलची भानगड अशी होती. मोठमोठ्या क्लबांत डब्याभोवती मखमलीसारखी हिरवळ राखतात. विदर्भातल्या उन्हात, या रेतीत, तशी हिरवळ कुठून जगणार? म्हणून इथं डब्याभोवती गोल जागा करून त्यात बारीक रेती पसरतात आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात इंजिनाचं जळकं ऑइल कालवतात. रेती तपकिरी, घट्ट आणि गुळगुळीत होते, चेंडू तिच्यावरून सरळ धावतो. तिला ब्राऊन म्हणतात. गॅरेजमधलं जळकं ऑइल मोहिउद्दीन कॅनमध्ये भरून आणायचा, ब्राऊनवर शिंपडायचा, फळीनं रेती सारखी करायचा. असं करता करता तो स्वतःही खेळायला शिकला होता. क्लबमधल्या कुणाच्या तरी जुन्या काठ्यांवर.

पहिल्या दिवशी श्रावण जीपमध्येच बसून राहिला. दार उघडं होतं. नदीकडून वारा येत होता, तोंडावर सरळ, मध्ये काहीच आडवं नसल्यासारखा. थोड्या वेळानं त्याला ओळखीचा वास आला.

"तुहं गॅरेज इथं कुठून आलं बे?" त्यानं हाक मारून विचारलं.

"ते ब्राऊन हाय. पाचव्या होलचं. लांब हाय इथून."

"मले वास येऊन राह्यला."

मोहिउद्दीन जवळ आला. "मंग वासाच्या मागं चाल."

"पडीन ना."

"कशाले पडशीन? झाड नाही, भिंत नाही, मोटरसायकल नाही. फार त फार मेंढरावर पडशीन."

श्रावण खाली उतरला. घरात, गल्लीत, विहारात, जिथं जाईल तिथं त्याचा एक हात पुढं असायचा. भिंतीसाठी, खांबासाठी, माणसांसाठी. इथंही तो हात पुढं धरूनच निघाला. दहावीस पावलं गेला. हाताला काही लागलं नाही. आणखी गेला. पायाखाली जमीन वर चढली, मग हळूच उतरली. चालता चालता कधीतरी त्याचा हात खाली आला. मग पावलं लांब पडायला लागली. आणि मग, का कोण जाणे, श्रावण धावला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, डोळे मिटून, रेतीवरून.

मागून मोहिउद्दीनचा आवाज आला, "धाव. समोर काही नाही."

दम लागून तो खाली बसला तेव्हा त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. डोळे गेल्यापासून तो चाचपडला होता, अडखळला होता, कुणाच्या तरी खांद्याला धरून फरफटला होता. धावला नव्हता. घरी आल्यावर त्यानं नलूला दोन पोळ्या जास्त मागितल्या. नलूनं तव्यावर पोळी टाकली.

तिथून पुढं तो दर आठवड्याला जायला लागला, मग आठवड्यातून दोनतीनदा. एक दिवस मोहिउद्दीननं त्याच्या हातात काठी दिली. काठीचं टोक स्वतः धरून चेंडूच्या मागं टेकवलं, त्याचे खांदे हातांनी फिरवून नीट केले आणि बाजूला झाला. "आता मार. चेंडू कुठी जात नाही, तठीच हाय."

पहिल्या दिवशी रेतीच उडाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या वेळी कधीतरी काठीच्या टोकातून एक बारीक, स्वच्छ टणत्कार हातात आला आणि चेंडू गेला. डंपरचा गिअर नेमका बसला की हाताला जे समाधान वाटायचं, तसलंच काहीतरी.

क्लबचे सेक्रेटरी पुंडलिकराव निवृत्त सर्व्हेअर होते. बारीक अंगाचे, शिस्तीचे, सभासदांना कडक वाटणारे. त्यांच्याकडं कुणीतरी कुरकुर केली, की आंधळ्या माणसाला खेळवता, उद्या काही झालं तर? पुंडलिकरावांनी एक दिवस विचार केला आणि सांगितलं, "गोल्फच्या नियमांत वाऱ्यानं चेंडू हलला तर काय करायचं ते आहे. मेंढरानं उचलला तर काय ते आहे. खेळणाऱ्याला दिसलं पाहिजे, असं कुठं नाही." आणि श्रावणला सभासद करून घेतलं.

हळूहळू रान त्याच्या पायात उतरलं. तिसऱ्या होलला वारा उजव्या गालावर लागतो. पाचव्याच्या वाटेवर एक खळगा आहे, तिथं वारा एकदम थांबतो आणि लोकरीचा उबट वास येतो, कारण चिंचघाटच्या नानाजी मेंढपाळाची मेंढरं दुपारी तिथंच बसतात. सातव्याला चढ संपला की नदी ऐकू येते. चेंडू उंच उडवून इथं उपयोग नसतो, वारा तो नेईल तिथं नेतो. जमिनीलगत, पळवत न्यावा लागतो, उंचवट्यांना विचारत विचारत. श्रावणला उंच उडालेला चेंडू नाहीतरी कळत नव्हता. जमिनीवरून पळणारा मात्र ऐकू यायचा.

मधल्या काळात पुंडलिकराव परदेशात असलेल्या मुलाकडं जाऊन आले. मुलानं त्यांना तिकडचं समुद्राकाठचं एक फार जुनं गोल्फचं मैदान दाखवायला नेलं होतं. परत आल्यावर क्लबच्या ओट्यावर बसून त्यांनी श्रावणला आणि मोहिउद्दीनला सगळं सांगितलं.

"मला वाटलं, मोठं राजवाड्यासारखं काही असेल. तर काय, आपलंच रान. रेतीचे उंचवटे, आखूड गवत, झाडाचा पत्ता नाही. आणि वारा असा, की टोपी गेली ती गेलीच. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याशी बोललो. तो म्हणाला, हे मैदान कुणी बांधलेलं नाही. समुद्र मागं सरला, रेती ठेवून गेला. वाऱ्यानं तिला आकार दिला. मेंढरांनी गवत आखूड ठेवलं. मेंढरं वाऱ्यापासून लपायला जिथं बसली तिथं खळगे पडले, त्या खळग्यांनाच आता लोक बंकर म्हणतात. माणसानं फक्त येऊन खेळायचं."

"म्हंजे नानाजीची मेंढरं बी काम करून राह्यली," मोहिउद्दीन म्हणाला.

"पगार नाही त्यांना, एवढाच फरक," पुंडलिकराव हसून म्हणाले. ते सहसा हसत नसत.

 श्रावणनं समुद्र कधी पाहिला नव्हता आणि आता पाहणार नव्हता. पण त्याच्या गालावर जो वारा लागत होता तसलाच वारा तिकडं कुणाच्या तरी गालावर लागतो, हे ऐकून त्याला बरं वाटलं.

मग त्या वर्षी ऑगस्टात पूर आला. धरणांची दारं उघडली आणि वरून पाऊसही थांबेना. वर्धेचं पाणी चिंचघाटात सकाळी शिरलं. नानाजी मेंढपाळाला नदीची चाल ठाऊक होती, त्यानं मेंढरं आधीच हाकली होती ती साहेबाच्या रानात, सातव्या होलच्या उंचवट्यावर. त्याच्या मागं गाव आलं. लेकरं, म्हाताऱ्या, गाठोडी, कोंबड्या. पुंडलिकरावांनी क्लबचं कुलूप काढलं. ज्या ओट्यावर सभासद लिंबूसरबत प्यायचे तिथं चुली मांडल्या गेल्या. खालचं सगळं रान पाण्यात गेलं, पण क्लब आणि तो उंचवटा वर राहिले, आणि पाणी उतरेपर्यंत चिंचघाट तिथं राहिलं. माणूस एकही दगावलं नाही. मोहिउद्दीननं वणीतून गाडीभर पोळ्या आणि पाणी पोचवलं. नलू आणि तिच्या अंगणवाडीच्या बायांनी त्यातल्या कितीतरी पोळ्या लाटल्या होत्या.

पाणी उतरलं तेव्हा रान ओळखू येत नव्हतं. गुडघ्याएवढा गाळ. पहिलं होल नदीनं खाऊन टाकलं होतं, तिथं आता कडा होता. ब्राऊन एकही शिल्लक नव्हतं. पुंडलिकरावांनी ओट्यावरून सगळीकडं नजर फिरवली आणि ते मोहिउद्दीनला म्हणाले, "आपण सगळे म्हातारे. आता कुठं हे होणार. बंद करू."

पण पुढच्या सोमवारी सकाळी ते कुलूप लावायला आले, तर रानात माणसं होती. चिंचघाटची. फावडी, घमेली, दोन बैलगाड्या. कुणी बोलावलं नव्हतं. नानाजी मधोमध उभा राहून गाळ कुठं टाकायचा ते दाखवत होता.

"नानाजी, तुमच्या घरात अजून चिखल आहे. इथं काय करता?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"घरचं होईन जी हळूहळू," नानाजी म्हणाला. "या रानानं आमाले ठेवलं. आता आमी रानाले ठेवून राह्यलो. अन् गाळ काई वाया नाही जात. वावरात टाकतो."

 पुंडलिकरावांनी चप्पल काढली, पँट वर दुमडली आणि एक घमेलं उचललं.

दिवाळीपर्यंत रान मोकळं झालं. मोहिउद्दीन श्रावणला घेऊन आला. श्रावण आनंदानं उतरला आणि सवयीनं पाचव्याच्या वाटेला लागला. वारा तोच होता. पण पायाखालची जमीन दुसरीच होती. जिथं चढ असायचा तिथं सपाट लागलं. मेंढरांचा खळगा नव्हताच. तो वळला, कुठं वळला ते त्याला कळेना. आणि पुरानं नवाच कोरलेला एक ओघळ होता, त्यात तो आडवा पडला. लागलं फार नाही. पण मोहिउद्दीन धावत आला तेव्हा श्रावण रेतीत बसून होता, दोन्ही हात पुढं धरून, जसा घरात धरायचा.

"चल घरी," तो म्हणाला. "हे माह्यं रान नाही."

तो पुन्हा बाजेवर बसला. मोहिउद्दीन दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्या वेळी पुंडलिकराव आले. नलूनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. ते कुणाच्या घरी फारसे जात नसत, त्यामुळं सुरुवातीला अवघडून बसले.

"श्रावण, मी तिकडच्या माळ्याची सगळी गोष्ट सांगितली नव्हती," ते म्हणाले. "मी त्याला विचारलं, हे मैदान किती जुनं? तो म्हणाला, कुठलं मैदान? दर हिवाळ्यात वादळ येतं, समुद्र एखादा कोपरा नेतो, वारा एखादा उंचवटा सरकवतो. आम्ही डबा काढून दुसरीकडं पुरतो. त्याच्या आजानं खेळलेलं मैदान त्याच्या बापानं पाहिलं नाही, आणि बापाचं यानं. तरी मैदान तेच म्हणतात. रान बदललं म्हणून तू रुसून बसलास. पण अरे, रान असंच असतं. तू आलास त्याआधीही ते असंच हललं असेल. तुला फक्त ते आता पहिल्यांदा जाणवलं."

 श्रावण म्हणाला, "मंग पुन्हा शिकावं लागन."

"मलाही," पुंडलिकराव म्हणाले. "माझा चेंडू कालच ओघळात गेला."

शिकायला मोहिउद्दीन लागणार होता. पण त्याचं आणि त्याच्या बायकोचं, हजराबीचं, मक्का-मदिनेला उमऱ्याच्या यात्रेला जायचं ठरलं होतं. कितीतरी वर्षांपासून ठरत होतं, या जानेवारीसाठी पैसे जुळले. जाण्याआधी तो निरोप घ्यायला आला आणि नलूला म्हणाला, "वहिनी, हा तुमच्या हवाली. क्लबची सालाना मॅच मी नसताना हाय. याले घेऊन जा."

"मी?" नलू म्हणाली. "मले काय समजते त्यातलं?"

"काठी चेंडूच्या मागं ठेवायची, अन् समोर काय हाय ते सांगायचं. बस."

 तो गेल्यावर भांडी आवरताना नलू म्हणाली, "एक सांगू का? इतके दिवस मी कधी आली नाही तठी. तुमी म्हणत होते, चल. मी म्हणत होती, काम हाय."

"व्हय."

"काम नव्हतं. मले भेव वाटे. लोक तुमाले हासत असतीन, अन् ते मले पाहावं लागन."

श्रावणनं विचार केला. "हासत असतीन बी. मले कुठी दिसते?"

नलूला हसू आलं. ती हात पुसत त्याच्याजवळ येऊन बसली.

मॅचच्या आधी ते दोघं कितीतरी सकाळी ऑटोनं रानात गेले. मोहिउद्दीन दिशा सांगायचा ती गॅरेजच्या भाषेत, अर्धा फेरा डावीकडं, थोडं ढिलं सोड. नलूची भाषा वेगळी होती. "इथून आपल्या दारापासून चक्कीवाल्याच्या ओट्याइतकं लांब. मधात एक उतार हाय, विहाराच्या पायऱ्या असतात ना, तेवढा." श्रावणला सगळं एकदम दिसायला लागलं. चक्कीवाल्याचा ओटा त्यानं डोळ्यांनी पाहिलेला होता. मोहिउद्दीननं त्याला चालायला जागा दिली होती, नलू त्या जागेत त्याचं गाव आणून ठेवत होती. आणि ती न विचारता इतरही सांगायची. नदीवर बगळे बसलेत. पलीकडं कुणाची तरी तूर सोंगून झाली. ओघळाच्या काठावर गवत फुटलंय, अगदी पोपटी.

मॅचच्या दिवशी थंडी चांगली होती. पुंडलिकरावांनी पहिलं होल आता क्लबच्या मागं, नव्या जागी आखलं होतं. चिंचघाटची माणसं बघायला आली होती, कारण आता रानात त्यांचंही काही होतं. श्रावणची पाळी आली. नलूनं काठीचं टोक चेंडूमागं ठेवलं. 

"कोणी हासून राह्यलं का?" त्यानं हळूच विचारलं.

नलूनं मान वर करून सगळीकडं पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "नानाजीनं टोपी काढून हातात धरली हाय."

श्रावणनं मारलं. चेंडू जमिनीलगत गेला, सरसरत, दोनदा उसळला आणि दूर कुठंतरी थांबला.

तो जिंकला नाही. जिंकायच्या जवळपासही नव्हता. तिसऱ्यावर चेंडू ओघळात गेला, सहाव्यावर एका मेंढरानं तो हुंगून पुढं ढकलला आणि त्यावरून पुंडलिकरावांनी गंभीरपणे निवाडा दिला. पण नवव्या होलवर, नव्या ब्राऊनवर, नलूनं झेंड्याची काठी डब्यात वाजवून त्याला जागा ऐकवली आणि त्यानं लांबून मारलेला चेंडू डब्यात पडला. पत्र्याचा तो आवाज ओट्यापर्यंत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि श्रावण तिथंच थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला. त्याला एकेकाचं नाव आठवत होतं. मोहिउद्दीन. पुंडलिकराव. नानाजी. गाळ उपसणाऱ्या ज्या बाया-माणसांची नावं त्याला ठाऊक नव्हती ती सगळी. तो न पाहिलेला साहेब, ज्याला घरची आठवण आली म्हणून इथं डबे पुरले गेले. आभार मानायचे तर कुठून सुरुवात करावी, हे त्याला कळेना.

दुपारी मोहिउद्दीनचा फोन आला, मदिनेहून. आवाज तुटत होता.

"कसा खेळला?"

"पडलो नाही."

"मी दुआ मांगली तुह्यासाठी."

"डोळ्यांसाठी?"

"नाही. डोळ्यांसाठी मागं मांगत होतो. आता मांगली, का याले असंच बाहेर ठेव."

 श्रावणनं फोन नलूकडं दिला, आणि ती हजराबीशी बोलत राहिली. तिकडं थंडी आहे का, जेवण कसं मिळतं.

लोक पांगले. ऑटो यायला वेळ होता. क्लबच्या मागं वारा पडला होता आणि ऊन उबदार झालं होतं. नलूनं पिशवीतून डबा काढला, दोघांनी भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. मग ती उठली. काठी रेतीवर ठेवल्याचा, पुन्हा उचलल्याचा आवाज त्यानं ऐकला.

"काय करून राह्यली?"

"एक मारून पाहू का?"

"मार ना."

"तुमी काही सांगू नका."

"नाही सांगत."

बराच वेळ काही झालं नाही. मग सपकन काठी फिरली आणि रेती उडाली. दुसऱ्यांदा पुन्हा रेती. श्रावण तोंड दाबून बसला. तिसऱ्या वेळी तो आवाज आला, बारीक आणि स्वच्छ.

"गेला," नलू म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "पण उन्हात कुठी गेला ते दिसलंच नाही."

"मले ऐकू आलं," श्रावण म्हणाला. तो उठला, तिचा हात शोधला. "डावीकडं उतारावरून गेला, अन् गवतात थांबला. चल, दाखवतो."

दोघं उतार उतरायला लागले.